चौदावी ओळ

बढतीच्या अर्जासोबतची माझ्या शोधनिबंधांची यादी ऑफिसनं तिसऱ्यांदा परत पाठवली. म्हणे, प्रतिकारशक्तीवरचे वेगळे लिहा, जनुकांवरचे वेगळे. बहुतेक निबंध दोन्हींवर आहेत, हे सांगून मी थकले होते. वैतागून कागद टेबलावर टाकले, तेव्हा समोर सुमनताई बसल्या होत्या. जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेली त्यांची मुलगी आमच्याच वॉर्डात वारली होती. आता त्यांनी धाकट्याला तपासणीसाठी आणलं होतं. तो ठणठणीत निघाला.

"आमच्या पोरीवर लिहिणार होतात ना, डॉक्टर? ते आहे का यात?"

मी चौदावी ओळ दाखवली. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं.

"यात कुणाकुणाची नावं आहेत?"

"आम्हा डॉक्टरांची."

"आणि तिचं?"

"पेशंटचं नाव छापायचं नसतं, सुमनताई. नुसता क्रमांक देतात. तसा नियम आहे."

नियम योग्यच आहे. पण माणसांना क्रमांक द्यायचे आणि स्वतःची नावं मोजत बसायचं, या विचारानं मला ऑफिसपेक्षा माझीच जास्त चीड आली.

सुमनताईंना ती इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती. तरी बोट तिथंच होतं.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "कुठं आहे ती, ते तरी कळलं."