सरकीचा काढा आणि नानांची केमो

१. आज सकाळी शिरपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत सरकीतल्या गॉसिपॉल या विषाने बशीतल्या कर्करोगाच्या पेशी मेल्या.
२. शेजारच्या बशीतल्या निरोगी पेशीही मेल्या.
३. दुपारी कळलं, चोपड्याचे माझे मोठे काका, नाना, केमो सोडून सरकीचा काढा पितायत.

मी फोन केला.

“तूच मागे सांगेल शे ना, सरकीमा औषध शे? आपला वावरनी सरकी शे, पोरी. तिले काय भेवानं?”

“नाना, बशीत हृदय नसतं. या विषाने हृदय बंद पडू शकतं.”

“बरं, डॉक्टरीनबाई,” म्हणत ते हसले आणि फोन ठेवला.

नाना माझं ऐकत नाहीत, पत्त्यांच्या जोडीदारांचं ऐकतात. ते जोडीदार, म्हणजे तुम्ही, या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहात. त्यांचा काढा आजच ओतून टाका. शुक्रवारी जळगावला केमो आहे. त्यांना गाडीत बसवून कोण नेईल? गुरुवारपर्यंत कळवा.