डाव्या कोपऱ्यातली चिमूटभर माती

राज्याच्या कबड्डी लीगमध्ये दोन नवे संघ घ्यायचे ठरले आणि त्यातला एक आमच्या जिल्ह्याला मिळाला, ही बातमी मला बेलापूरच्या बाजारात एका भेळवाल्याने सांगितली. चाळीस वर्षं गावाचा संघ मी चालवला, आणि मला हे भेळवाल्याकडून कळावं. राग तिथूनच धरला म्हणा.

मालक नगरचा एक बांधकामवाला. कबड्डी त्याने टीव्हीवर पाहिली तेवढीच. जिल्ह्याचा एखादा जुना माणूस दाखवायला हवा म्हणून मला बोलावलं, सल्लागार म्हणून नेमलं, निळा टी-शर्ट दिला. पाठीवर इंग्रजीत काहीतरी छापलेलं होतं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. काय छापलंय ते मी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. दोन महिने सराव चालला आणि सल्ला एकानेही मागितला नाही. मी खुर्चीवर बसायचो, चहा यायचा, प्यायचो.

खेळाडू सगळे बाहेरचे. जिल्ह्याचा म्हणावा असा एकच गडी, तो माझ्या हाताखाली तयार झालेला. डावा कोपरा धरायचा. चढाईला आलेल्याचा घोटा त्याच्या हातात गेला की सुटत नसे. पण करार एकाच हंगामाचा. पुण्याचा प्रशिक्षक होता, त्याने त्याला माझ्यासमोरच सांगितलं, की पहिले सामने बाहेर आहेत, तिथे तू बाकावर बसशील. नगरच्या सामन्यात उतरवतो. त्यात दिसलास तर पुढच्या वर्षी ठेवू, नाहीतर घरी जायचं. गडी मान हलवून बाजूला झाला. त्याचं सगळं त्या एका सामन्यावर आलं.

बाहेरचे सामने आम्ही ओळीने हरलो. गडी टॉवेल घेऊन बाकावर बसून.

आमच्या गावच्या मैदानाची माती तालमीच्या मातीसारखी, चाळून, तेल-हळद घालून मळलेली. सामन्याआधी वस्तादाने मध्यरेषेची चिमूटभर माती उचलायची आणि ज्याची त्याची जागा असते तिथे टाकायची. खेळाडूने ती कपाळाला लावायची आणि उभं राहायचं. माझ्या वस्तादाने माझ्यासाठी ती टाकली, मी पुढच्यांसाठी टाकत आलो. त्याशिवाय आमचा गडी कधी उतरला नाही.

लीगचे सामने मॅटवर, तरी नगरच्या सामन्याला मी ती माती वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून सदऱ्याच्या खिशात घातली. प्रशिक्षकाला वास आला असावा. तो म्हणाला, "काका, मॅटवर काही नेऊ नका. पाण्याचा थेंब पडला तरी पोरं घसरतात." ज्याच्या ढोपराला कधी माती लागली नाही तो मला कबड्डी शिकवत होता. मी हो म्हणालो.

मॅट पुसणारा माणूस पुसून बाजूला झाला, प्रशिक्षक कॅमेरावाल्यांशी बोलायला गेला. मी डाव्या कोपऱ्याशी वाकलो. लोकांना वाटलं म्हातारा नमस्कार करतोय. चिमूट टाकली आणि येऊन बसलो. लई समाधान वाटलं होतं, खोटं कशाला लिहू.

गड्याने पहिल्या दोन पकडी अशा केल्या की लोक बाकांवर उभे राहिले. तिसऱ्या चढाईला तो घोट्यावर झेपावला आणि त्याचा मागचा पाय सरकला. गुडघा आत वळला. तो आवाज माझ्या खुर्चीपर्यंत आला.

मॅटवर पिवळट डाग सापडला. प्रशिक्षक पुसणाऱ्यावर तुटून पडला, उद्यापासून येऊ नको म्हणाला. तो शपथा घेत होता की मी पुसलंय, सगळं पुसलंय. बोलता बोलता एकेकाच्या तोंडाकडे बघत होता, माझ्याकडेही बघितलं. मी हाताची घडी घालून उभा होतो. दवाखान्यात प्रशिक्षकाने गड्याला विचारलं, पायाखाली काय होतं? गडी म्हणाला, ध्यान नव्हतं. मी खाटेच्या पायथ्याशीच होतो.

ऑपरेशन झालं. करार पुढे झाला नाही. दुसऱ्या हंगामात डाव्या कोपऱ्याला परप्रांतीय आणला, संघ जिंकायला लागला. मलाही बोलावलं नाही, तरी गावात मी सांगितलं की मीच सोडलं. सतरंजीवरची कबड्डी आपल्याला बघवत नाही, मॅटने आमच्या गड्याचा गुडघा खाल्ला, असं मी चहाच्या टपरीवर, लग्नात, मयतीला, जिथे तिथे सांगितलं. इतकं सांगितलं की मलाच ते खरं वाटायला लागलं.

यंदा त्या संघाने जुनी मॅट आमच्या गावाला द्यायची तयारी दाखवली. शाळेतल्या पोरींना जिल्ह्याला खेळायचं तर मॅटचा सराव लागतो. ग्रामसभेत मी आडवा आलो. म्हणालो, ज्याचा गुडघा गेला त्यालाच विचारा. गडी आता देवळाली प्रवऱ्याला दूध संकलनावर असतो. त्याला फोन गेला, तो आला. एक पाय जरा ओढतच आला. आत जायच्या आधी त्याने मला दाराबाहेर घेतलं.

"वस्ताद, मला बोलायला लावू नका."

"का? खरं काय ते सांग की."

"बुटाच्या तळाला आपली माती हुती. हळद वळखू येती मला. मॅटवर पडल्या पडल्याच कळलं."

मी विचारलं, "मग तवा बोलला का न्हाईस?"

"तुमी बोलाल म्हणून थांबलो. त्या पुसणाऱ्याला हाकललं तवा वाटलं, आता तरी बोलतील. त्या पुसणाऱ्याला हाकललं तवा वाटलं, आता तरी बोलतील. मंग वाट बघायची सोडली."

तो आत गेला, मीही मागून गेलो आणि पुढच्या रांगेत माझ्या जागेवर बसलो. त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, मॅट घ्या, मॅटचा काही दोष नव्हता. मागून कुणीतरी विचारलं, मग चूक कुणाची रे?

त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाला, "माझीच. पाय चुकला."

हात वर झाले, ठराव झाला. मी पुढच्याच खुर्चीवर होतो. उठून बोलायला काहीच अडचण नव्हती.