पाच किलोमीटरवर बंद पडणारी गाडी

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला, आणि गाडी घेणाराही पहिलाच. त्यामुळे गाडी बिघडली की ती मलाच समजायला हवी, असं घरातल्या सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं. शाळेत मी विज्ञान शिकवायचो.

गाडी जुनी, कार्बोरेटरची, चिखलीच्या एका निवृत्त मास्तरांकडून घेतलेली. जानेफळजवळच्या आमच्या गावातून मेहकरच्या दवाखान्यात जायचं तर जीपचा भरवसा नव्हता, आणि बायकोला सातवा महिना लागला होता. गाडी घेतली ती तेवढ्यासाठीच.

दिवाळीपर्यंत ती नीट चालली. मग एक दिवस गावाबाहेर पाच किलोमीटरवर, एका बाभळीपाशी, आचके देऊन थांबली. दहा मिनिटांनी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. दुसऱ्या दिवशी थोडं पुढे पुन्हा तेच. घरासमोर उभी करून इंजिन चालू ठेवलं तर मात्र अर्धा तास कुरकुर नाही.

पेट्रोलचा काटा मेलेला होता. म्हणून गाडी थांबली की मी आधी टाकीचं टोपण उघडायचो, गाडी हलवायचो आणि तोंडाशी कान लावून पेट्रोल डुचमळतं का ते ऐकायचो. डुचमळायचं. मग बॉनेट उघडून, जे दिसेल त्याला हात लावून पाहायचो. गाडी सुरू व्हायची, आणि ज्याला शेवटचा हात लावला तेच बिघडलेलं होतं अशी माझी खात्री व्हायची. प्लग बदलले, वायरी बदलल्या, कॉइल बदलली. मी वहीत सगळं लिहून ठेवत होतो. वही भरत गेली आणि डोकं रिकामं होत गेलं.

जानेफळचे मिस्त्रीचाचा दोनदा घरी येऊन गेले. त्यांनी पेट्रोलचा पंप खोलला, कार्बोरेटर धुतला, गावातून एक चक्कर मारली.

“सर, गाडीत कायीच नाही,” ते म्हणाले. “गाडी एकदम ओके हाय.”

“चाचा, मग बंद काऊन पडते?”

“आता हे तुम्हीच सांगा. शिकेल माणूस तुम्ही. आम्ही तर चौथीतूनच भागलो.”

आईने निकाल देऊन टाकला. “त्या डबड्यात मी सुनेले बसू देत नाही.” बायकोने दवाखान्याची पिशवी भरली आणि शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याला विचारून ठेवलं. ते मला जास्त लागलं.

त्या वर्षी बोंडअळीने कपाशी लवकरच संपवली. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. बीटी कपाशीला अळी लागत नाही असं ऐकून पेरणारे आम्ही, तेही कोडं कुणाला उलगडत नव्हतं. वेचलेला थोडा कापूस खोलीत पडून होता आणि बाबा रिकामे बसून होते. एका दुपारी मी गाडी तपासायला निघालो तर म्हणाले, “चाल, मी येतो संगं.”

बाभळीच्या अलीकडेच गाडी थांबली. मी सवयीने उतरून टोपण फिरवलं. फुस्स आवाज झाला.

“हे फुसफुस काऊन करते?” बाबांनी विचारलं.

“पेट्रोलची वाफ असते, बाबा. नेहमीचंच आहे.”

“नेहमीच करते?”

ते खाली उतरले. टोपण माझ्या हातातून घेऊन त्यांनी उलटं केलं. आतल्या बाजूला दोऱ्याने घट्ट बसवलेली प्लास्टिकची काळपट पन्नी होती. मी ती रोज पाहत होतो. मला ते टोपणाचंच वायसर वाटलं होतं.

“हे म्या दिवाळीत लावली,” बाबा हळूच म्हणाले. “बियाण्याच्या थैलीची. गाडी कापसाच्या खोलीपाशी उभी राह्यते. पेट्रोलचा वास येत होता. म्हटलं, एखादी ठिणगी पडली तर सारा कापूस जाईन.”

फवारणीच्या औषधाचा डबा सांडू नये म्हणून आमच्याकडे टोपणाखाली अशीच पन्नी लावतात. बाबा घरातल्या प्रत्येक झाकणाला लावायचे.

त्यांनी टोपणावरचं बारीक छिद्र बोटाने चाचपलं. “फवारणीच्या पंपाले बी असंच राह्यते. ते बुजलं का पंप आतून ओढून धरते, औषध येत नाही. मले समजाले पायजे होतं.”

समजायला मला पाहिजे होतं. पेट्रोल जळत जातं तशी त्या छिद्रातून टाकीत हवा यायला हवी; पन्नीने ती अडवली, म्हणून चालत्या गाडीत पाच किलोमीटरवर टाकी पेट्रोल ओढून धरायची, आणि उभ्या गाडीत पेट्रोल कमी जळत असल्याने काही कळायचं नाही. गरम पाण्याचा डबा बूच लावून थंड केला की चेपतो, हा प्रयोग मी दरवर्षी मुलांना दाखवत होतो. थंडीच्या दिवसांत पेट्रोलची वाफ एवढी कुठून येईल, हेही मनात आलं नव्हतं; ती फुसफुस आत शिरणाऱ्या हवेची होती. टोपण उघडून मीच रोज गाडी दुरुस्त करत होतो, आणि घट्ट लावून मीच पुन्हा बिघडवत होतो. बाबांनी पन्नी काढून खिशात घातली. आम्ही मेहकरपर्यंत जाऊन आलो. गाडी थांबली नाही, तरी माझा विश्वास बसेना.

तीन आठवड्यांनी सकाळीच बायकोच्या पोटात कळा सुरू झाल्या. ट्रॅक्टर दूर वावरात होता. आईने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सुनेला धरून मागे बसली. बाबा पुढे, माझ्या शेजारी. बाभूळ दिसू लागली तसं सगळे गप्प झाले. बायकोही कळ दाबून समोर बघत होती. बाभूळ मागे पडली, मग पुढचा पूलही.

“आता बोला कोणी,” बायको म्हणाली, “गाडी चालू आहे.”