डोळ्यात नसलेला कण

हे मी सुनंदाला सांगितलेलं नाही. बायकोलाच सांगितलं नाही म्हटल्यावर आणखी कोणाला सांगणार? तुम्हाला सांगतोय, कारण आमच्याकडे कोणी पाहुणा आला की माझ्या पायाची गोष्ट सुरू होते — आणि ती ऐकून ऐकून मी आता पार विटलोय.

चहा येतो, चिवडा येतो, मग सुनंदाची गोष्ट येते. ‘यायचा पाय त्या अमरावतीच्या डाक्टरीणबाईनं घालवला.’ पाहुणे हळहळतात, माझ्या फरफटणाऱ्या डाव्या पायाकडे बघतात. आणि मी? मी मान डोलावतो. काय म्हणावं अशा माणसाला!

वरूडला माझं संत्रा पॅकिंगचं शेड आहे. ऐन हंगामात मला डेंग्यू झाला. ताप उतरला, लोक म्हणाले, सुटला. आणि एका सकाळी कमरेखाली सगळं बधिर. पाय उचलेना, लघवी होईना. सुनंदानं गाडी करून अमरावतीला नेलं. डॉक्टर तरुण होती, नुकताच दवाखाना टाकलेला. तिनं गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, तळव्यावर किल्ली ओढली आणि म्हणाली, “काका, त्या विषाणूमुळे पाठीतल्या मज्जारज्जूला सूज आली असावी. मेंदू आणि पाठ, दोन्हीचा एमआरआय आजच करू.”

बरोबर बोलली होती. अगदी बरोबर. हेच तर दुखणं आहे ना!

मला त्या मशीनवर झोपवलं. तोंडावर जाळीसारखं काहीतरी बसवलं आणि आत सरकवलं. नाकापासून वितीवर छत. मी — शेडवरच्या चार पोरांना एका आवाजात हलवणारा माणूस — बोलावण्यासाठी हातात दिलेला रबरी फुगा दाबत सुटलो. बाहेर काढलं. घाम, धाप. मशीनवरचा माणूस म्हणाला, “काका, पुन्हा एकदा प्रयत्न करू.”

तेव्हा एवढंच म्हणायचं होतं — भीती वाटते. तीन शब्दसुद्धा नाहीत हो! पण नाही. मी म्हणालो, “थांबा, सांगायचं राहूनच गेलं. वेल्डिंग करताना माह्या डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता. अजून आतच आहे.”

असा कण असला तर ते मशीन चालवत नाहीत, त्यातल्या चुंबकानं कण हलून नजर जाऊ शकते. हे मला ठाऊक होतं, आत जाण्यापूर्वी त्यानंच विचारलं होतं. डॉक्टर धावत आली. डोळ्याचा एक्स-रे काढून खात्री करू म्हणाली. मी म्हणालो, काढलेला आहे, त्यात कण स्पष्ट दिसतो, घरी ठेवलाय. सुनंदा तेव्हा खाली औषधं आणायला गेली होती. त्या पोरीनं माझ्यावर विश्वास ठेवला. पेशंट स्वतःच्या पायाशी खोटं बोलेल असं कोणाला वाटेल?

मग सीटी स्कॅन केला. त्यात काही दिसलं नाही. ती अडली. नुसत्या अंदाजावर जोराचं औषध द्यावं की थांबावं, या पेचात वेळ गेला, पाय आणखी गेले. शेवटी सुनंदाचा भाऊ मला अकोल्याला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी माझं काही न ऐकता आधी डोळ्याचा एक्स-रे काढला. स्वच्छ. मग गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि मी झोपेतच मशीनमधून जाऊन आलो. इतकं सोपं! मेंदू ठीक होता, पाठीत सुजेचा लांब पट्टा दिसला. औषध सुरू झालं. उजवा पाय परतला, डावा अर्धाच.

आता गंमत बघा. तो स्वच्छ एक्स-रे पाहून मेव्हणा भडकला, “भाऊजी, त्या बाईनं साधा एक्स-रे बी नाई काढला काय?”

तिथं एक वाक्य बोललो असतो तरी चाललं असतं. मेव्हण्यानं तिच्या दवाखान्यात जाऊन चारचौघांत तिला नाही नाही ते सुनावलं. ‘काकाच म्हणाले होते कण आहे,’ असं ती सांगत राहिली, पण ते कोणी खरं मानलं नाही. सुनंदानं वरूडभर सांगितलं. लोकांनी तिच्याकडे जाणं सोडलं. सोडणारच ना — माझा पाय पुरावा म्हणून गावात फिरत होता.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी हे तुम्हालाही सांगितलं नसतं.

गेल्या वर्षी नांदगाव खंडेश्वरहून सुनंदाच्या बहिणीचा, रेखाचा फोन आला. तिच्या प्राचीला ताप होता आणि पोरगी अचानक असंबद्ध बोलू लागली होती. गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं, ताप मेंदूत गेला असेल, अमरावतीला त्याच बाईंकडे लगेच न्या, जवळ पडेल. सुनंदा फोनवर ओरडली, “तिच्याकडं नोका नेऊ! यायचं काय झालं पाह्यलं ना? सरळ अकोल्याले न्या!”

मी तिथंच खाटेवर बसलो होतो. रेखा फोनवर विचारत होती, “भाऊजी काय म्हणतात?” सुनंदानं माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. हो, अकोल्यालाच.

प्राचीला वाटेत, गाडीतच आकडी आली. पुन्हा आली. अकोल्याला पोचली तेव्हा शुद्ध नव्हती. एमआरआय झाला, मेंदूला सूज होती, उपचार झाले, पोरगी वाचली. पण बोलताना तिला आता शब्द सापडत नाहीत. ‘पाणी’ म्हणायचं असलं की ग्लासाकडे बोट दाखवते आणि स्वतःवरच चिडते. आधी पोचली असती तर काय झालं असतं, हे कोणीच सांगू शकत नाही.

मागच्या महिन्यात रेखा तिला घेऊन आली होती. जाताना माझ्या पाया पडली. म्हणाली, “भाऊजी, तुमी होते म्हणून पोरगी वाचली.”

मी तिला आशीर्वाद दिला.