ऑस्प्रेचं घरटं आणि आमचा जुलै

जुलैतल्या एका मंगळवारी आमच्या बाल्कनीसमोरच्या घरट्यातला नर मासा आणायला गेला, तो परत आलाच नाही.

कॅनडात हॅमिल्टनला आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो. खाली बेसबॉलचं मैदान, त्याच्या पलीकडे पाणी. मैदानातल्या फ्लडलाइटच्या खांबावर दोन वर्षांपासून ऑस्प्रेचं जोडपं घरटं करतं... घारीएवढा पक्षी, पोट पांढरंशुभ्र, मासे सोडून बाकी काही खात नाही.

माझ्या नवऱ्याला, विनयला, पार्किन्सन्स आहे. सात वर्षं झाली. वॉकरशिवाय उभं राहता येत नाही आणि हात इतके थरथरतात की दुर्बीण धरणं शक्यच नाही. शेजारचा गॉर्डन, स्टील प्लांटमधून रिटायर झालेला, त्याने एप्रिलमध्ये आपली दुर्बीण ट्रायपॉडसकट आणली आणि बाल्कनीत लावून दिली. तेव्हापासून विनयचा सगळा दिवस त्या घरट्यात जायचा.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. सकाळी मदतीला एक बाई येते, ती त्याची आंघोळ, नाश्ता उरकून त्याला खुर्चीत बसवून जाते. मग मी येईपर्यंत तो एकटा. नोकरी सोडावी असं शंभरदा मनात आलं, पण त्याच्या औषधांचा इन्शुरन्स त्याच नोकरीवर चालतो.

संध्याकाळी तो मला घरट्याच्या बातम्या द्यायचा. तीन पिल्लं निघाली, नर मासे आणतो, मादी तुकडे करून भरवते आणि पिल्लांना सोडून कुठे जात नाही... शब्द अडकायचे, पण सांगायची हौस होती.

तर त्या मंगळवारी नर आला नाही. बुधवारीही नाही. मादी घरट्याच्या काठावर बसून दिवसभर ओरडत होती. गॉर्डनने पक्ष्यांचं काम बघणाऱ्या लोकांना फोन केला. ते म्हणाले, आम्ही यात हात घालत नाही. विनयने त्या दिवशी ताटाला हातही लावला नाही.

गुरुवारी मी साडेतीनला घरी आले तर विनय बाल्कनीत खाली पडलेला. वॉकर आडवा, कपाळावर सुकलेलं रक्त, पँट ओली. शुद्धीवर होता. मी ॲम्ब्युलन्स बोलावली आणि ती येईपर्यंत तिथेच फरशीवर त्याच्याजवळ बसले.

त्याने तुटक तुटक सांगितलं. मादी शेवटी स्वतः मासा पकडायला गेली, आणि थोड्याच वेळात पांढऱ्या डोक्याचा गरुड आला. एक पिल्लू उचलून घेऊन गेला. विनय त्याला हाकलायला उठला होता... सहाव्या मजल्यावरून. ओरडायला गेला तर आवाजच फुटला नाही, आणि तोल गेला. सकाळचे अकरा वाजले असतील म्हणाला.

अकरा ते साडेतीन. त्या वेळात मी लॅबमध्ये कोणाच्या तरी बर्थडेचा केक खाल्ला होता.

मी म्हणाले, उद्यापासून रजा टाकते, काय व्हायचं ते होऊ दे.  तो म्हणाला, "मेधा, मला केअर होममध्ये ठेव."

मी नाही म्हणाले.

"तू किल्ली लावतेस, पण लगेच दार उघडत नाहीस," तो म्हणाला. "रोज. मला आतून ऐकू येतं."

मला वाटायचं हे फक्त मलाच माहीत आहे... आत काय बघायला मिळेल या भीतीने मी दाराबाहेर क्षणभर थांबते ते. दोन वर्षं थांबत होते. आणि तो दोन वर्षं ते ऐकत होता.

हाड मोडलं नव्हतं, पण त्याला घरी एकटं ठेवता येणार नाही असं हॉस्पिटलने स्पष्ट सांगितलं. सोशल वर्करने केअर होमचा फॉर्म पुढे केला. विनय सही करत होता तेवढा वेळ मी भिंतीकडे बघत बसले.

केअर होमला एरवी खूप वेटिंग असतं, आम्हाला अर्जंट म्हणून अडीच आठवड्यांत बेड मिळाला, तोवर तो हॉस्पिटलमध्येच होता. बॅगेत काय भरावं कळेना. दोन स्वेटर, दाढीचं मशीन, लिंबाच्या लोणच्याची बाटली... लोणचं तिथे चालत नाही म्हणाले, मी परत घेऊन आले.

दरम्यान दुसरं पिल्लू उपासमारीने गेलं. एकटी मादी आणून आणून किती आणणार... जे यायचं ते मोठं पिल्लू ओढून घ्यायचं. विनयने विचारलं तेव्हा मी विषय बदलला. कामावर जाते, येते, एका माणसाचा भात लावते. किती तांदूळ घ्यायचे ते अजून जमत नाही.

परवा रविवारी सकाळी चहा घेऊन बाल्कनीत उभी होते. उरलेलं पिल्लू काठावर पंख झाडत होतं. वारा आला आणि ते उचललंच गेलं... आधी सरळ खाली, मग कसंबसं सावरलं, मैदानावरून एक वेडीवाकडी फेरी मारली आणि समोरच्या खांबावर आदळल्यासारखं उतरलं. मादी मासा घेऊन आली, रिकाम्या घरट्यात बसून ओरडायला लागली. समोरून त्याने ओ दिली.

मी होते तशी गाडीत बसले आणि विनयकडे गेले. त्याने मला सगळं दोनदा सांगायला लावलं. वारा कुठून होता, किती वेळ हवेत होतं... मग विचारलं, "आणि दुसरं?"

गेलं, म्हणून सांगितलं.  तो म्हणाला, "तिने एकटीने एक तरी वाढवलं."

मला धीर आला असं लिहिणार नाही, खोटं होईल. मी पार्किंगमध्ये बसून खूप रडले. पण तो केअर होममध्ये गेल्यापासून रोज त्याच्यासमोर बसून काय बोलावं ते सुचत नव्हतं, आणि त्या रविवारी सांगण्यासारखं काहीतरी होतं... तेवढ्यासाठी त्या मादीचे आभार, आणि गॉर्डनचेही.