मामांची दोन कुलपं

कुलपावर आमच्या मामांइतका जीव या जगात दुसऱ्या कुणी लावला नसेल. घराच्या दाराला दोन कुलपं, कपाटाला दोन, आणि जी स्कूटर फुकट दिली तरी चोर शिवणार नाही तिलाही दोन. बाहेर निघताना मामा कुलूप लावणार, ओढून बघणार, कोपऱ्यापर्यंत जाणार आणि परत येऊन पुन्हा ओढणार. या नादात एकदा आम्ही लग्नाला पोचलो तर शेवटची पंगत उठत होती. आई तडकली, तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "अक्का, जेवण कुठं बी मिळतं. गेलेला माल वापस येत नाय." माल म्हणजे चार पातेली आणि एक रेडिओ.

दोष नोकरीचा होता. मामा चिकलठाण्याला एका कारखान्यात फिटर. तिथं मशीनच्या पोटात हात घालण्याआधी प्रत्येकानं मेन स्विचला आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. दोघं काम करत असले तर कुलपं दोन. एक निघालं तरी दुसरं असेपर्यंत मशीन सुरू होत नाही. मामांनी हा नियम घरी आणला, एवढंच.

त्यांचं लग्नही किल्ल्यांपायीच जमलं. पँटला आतून किल्ल्यांचा खिसा लावून घ्यायला ते औरंगपुऱ्यात एका शिलाईच्या दुकानात गेले, आणि मग त्यांचे खिसे वरचेवर उसवू लागले. नव्या कोऱ्या पँटचाही उसवला तेव्हा आम्ही काय ते समजलो. शिवणाऱ्या बाई विधवा होत्या. पन्नाशीला टेकलेल्या मामांनी लाजतलाजत विचारलं, तेव्हा त्यांनी शिलाई थांबवून सरळ सांगितलं, "मला एचआयव्ही हाय. मालक त्यानंच गेले. माझ्या गोळ्या चालू हायत, तब्येत बी चांगली हाय. पण लग्नाचं काढू नका."

दुसरा असता तर पँट तिथंच टाकून पळाला असता. मामांनी विचारलं, "याला कुलूप नाय का?"

होतं. दोघं दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की बाईंच्या गोळ्या नियमित आहेत, रक्तात विषाणू तपासणीला सापडण्याइतकाही नाही, त्यामुळं त्यांच्यापासून नवऱ्याला लागण व्हायची नाही. तरीही मनात धाकधूक असेल तर मामांना रोज एक प्रतिबंधक गोळी घेता येईल. मात्र आधी आणि मग दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. मामांचा चेहरा उजळला. "हे बघा," ते बाईंना म्हणाले, "तुमची गोळी तुमचं कुलूप, माझी गोळी माझं. दोन कुलपं लागल्यावर मशीन कोण चालू करंल?" याहून चांगली मागणी मी अजून ऐकलेली नाही.

बुद्धवंदना घेऊन लग्न झालं. रोज संध्याकाळच्या चहाआधी मामा गोळी गिळायचे आणि गळ्याची कातडी चिमटीत धरून ओढायचे. कुलूप लागलं का बघायला! मामींची हसून पुरेवाट व्हायची. पण लग्नानंतरची पहिली तपासणी जवळ आली आणि त्यांचं हसू आटलं. "डॉक्टरीणबाईंचं पटतंय गं," त्या मला म्हणाल्या, "पण माझ्यापायी ह्यांना काय झालं तर?"

त्या दिवशी मी सोबत गेले. मामी रिक्षात जुने रिपोर्ट पुन्हा पुन्हा चाळत होत्या. मामा मात्र सारा रस्ता रिक्षावाल्याला कुलपांचे प्रकार सांगत होते. रिपोर्ट स्वच्छ आला. मामी पदरात तोंड खुपसून रडल्या, माझ्याही छातीवरचा धोंडा उतरला. मामा म्हणाले, "म्हणलं नव्हतं? मला भ्याच नव्हतं."

घरी आलो तर दार सताड उघडं. दोन्ही कुलपं खिळ्याला तशीच टांगलेली, रेडिओ सुखरूप जागेवर. मामा उंबऱ्याशी कान खाजवत उभे राहिले. मामी हसत सुटल्या, हसताहसता पायरीवर बसल्या, आणि मग त्यांच्याकडं बघून हळूच म्हणाल्या, "लई भ्याले होते ना तुम्ही?"

"व्हय," मामा म्हणाले.

त्यानंतरच्या सगळ्या तपासण्याही नीट पार पडल्या. गोळी अजून एकदाही चुकलेली नाही. दाराला मात्र आता एकच कुलूप असतं, आणि ते मामी लावतात. मामा न ओढता पुढं चालू लागतात, आणि कोपऱ्यावर मीच उगाच मागं वळून बघते.