वळून पाहिलेला कडा

माझ्या भाचीने भिसेगावच्या आमच्या दिवाणखान्यात पॅराशूट उलगडले, तेव्हा मी पंखा बंद केला, खिडक्या लावून घेतल्या आणि भिंतीला पाठ टेकून बसले. फरशी तिने आधीच पुसून कोरडी केली होती. निळे कापड इतके तलम, की खालच्या फरशीचे ठिपके त्यातून दिसत होते; पण त्याचा आवाज मात्र अंगापेक्षा मोठा, वाळलेल्या केळीच्या पानांवरून कुणी चालत जावे तसा. साड्यांच्या घड्या घालण्यात माझे आयुष्य गेले आहे. एक टोक धरावे म्हणून मी हात पुढे केला.

"मावशी, हात नको लावूस. ज्याने उडी मारायची, त्यानेच घडी घालायची."

"आणि घडी चुकली तर?"

"म्हणूनच दुसऱ्याने घालायची नाही," ती वर न बघता म्हणाली.

आमच्या गच्चीवरून माथेरानच्या डोंगराचा एक उभा, पूर्वेकडे तोंड केलेला कडा दिसतो. पावसाळ्यात तो ओला काळा असतो आणि फाल्गुनाच्या सुमारास भाजक्या विटेचा रंग धरतो. भाची आणि तिचा जोडीदार तो कडा दोराने चढणार होते, मध्येच एका कपारीत रात्र काढणार होते. आणि माथ्यावर पोचल्यावर ती पॅराशूट पाठीला बांधून तिथूनच खाली उडी घेणार होती. जोडीदार कर्जतचाच. त्याच्या घरच्यांचे चौकला टायरांचे दुकान आहे. दोर आणि खिळे पाठीवर घेऊन तो पायवाटेने उतरणार होता. "मला माझे पाय आवडतात," तो मला म्हणाला, "आणि अम्मीला मी आवडतो."

बाहेरदेशी तिने अशा उड्या मारल्या होत्या, इथे मात्र ही पहिलीच. भीती मला होतीच, पण तिच्याहून मोठे होते कुतूहल. दोन हातांनी, बोटे सोलून घेत जे कमवायचे, ते एका श्वासात का सोडून द्यायचे? मी विचारले, तेव्हा ती बराच वेळ दोऱ्या सारख्या करत राहिली.

"चढताना माझं नाक कड्याच्या नाकाला लागलेलं असतं, मावशी. बोटापुढचा दगड तेवढा दिसतो. कडा कसा आहे ते कळतच नाही. छत्री उघडली, की थोडं लांब जाऊन एकदा वळायचं आणि त्याच्याकडे बघायचं. तेवढ्यासाठी."

उतरायची जागा कड्याच्या पायथ्याशी, भातकापणीनंतर रिकाम्या पडलेल्या एका शेतात ठरली. त्या शेताची मालकीण माझ्याच वयाची. परवानगी मागायला आम्ही गेलो, तेव्हा ती सगळे ऐकून आधी माझ्याकडे आणि मग भाचीकडे बघत राहिली.

"चढाय येतं नि उतराय नाय येत व्हय गं तुला?"

"येतं की, आजी. पण उडून यायचंय."

"मंग चढतेस कशाला? गाडीनं जा नि मार उडी." आणि स्वतःच खळखळून हसत तिने शेताकडे हात केला. "उतर, उतर. खुंटं टोचतील, एवढंच."

निघता निघता भाची म्हणाली, की त्या सकाळी खाली कुठे थोडासा धूर असला तर वरून वाऱ्याची दिशा कळेल. मालकीणबाईंनी मान डोलावली. "धुराला काय तोटा? आमाला राब भाजायचाच हाय."

भाताची रोपे ज्या तुकड्यात करायची, तो आमच्याकडे पावसाआधी भाजून घेतात. शेण, टहाळ, पालापाचोळा, वर गवत आणि त्यावर मातीचा हलका थर. हा राब ज्वाळा काढून जळत नाही; आतल्या आत धुमसतो, आणि त्याचा कडवट-गोडसर वास कपड्यांना, केसांना चिकटून राहतो.

ठरलेल्या सकाळी मी रिक्षाने निघाले, तेव्हा उजाडत होते. काटेसावरीच्या निष्पर्ण फांद्यांवर लाल फुले थंडीत मिटल्यासारखी वाटत होती. वाटेतच तिचा फोन आला. एक रात्र कपारीत काढून दोघे आदल्या संध्याकाळीच माथ्यावर पोचले होते. आवाज शांत होता, पण त्यात काही तरी ताणलेले.

"मावशी, शेत कुठे गेलं?"

मी पोचले तो समोर शेत नव्हतेच. दुधावर साय धरावी तसा धूर बांधाबांधांवर पसरला होता. वारा जराही नव्हता, त्यामुळे तो वर उठतही नव्हता. त्या सायीतून मालकीणबाई पुढे आल्या, डोळे चोळत, चेहरा अभिमानाने फुललेला.

"आमचा लावला, शेजारणींनाबी सांगितलं. सगळ्यांनीच लावला. एवढ्या उंचावनं पोरीला दिसाय नको?"

मी सांगितले, की तिला धूरच दिसतो आहे. जमीन दिसत नाही. जमीन दिसली नाही तर पाय कुठे टेकायचे ते कळणार नाही. त्यांचा चेहरा उतरला. "अगं बाय गं! विझवा गं, विझवा!" बायका फावडी, घमेली घेऊन धावल्या. माती पडली तसा धूर आणखी दाट झाला.

मी भाचीला कळवले. ती म्हणाली, "थांबते. ऊन आलं की धूर उठेल. पण कडा तापला की वाराही उठेल, आणि तो मला परत दगडावर नेऊन आपटेल. मधे थोडी फट मिळाली, तर येते. नाही तर चालत. आता फोन घेणार नाही."

मग आम्ही नुसत्या वर बघत उभ्या राहिलो. ऊन आधी माथ्यावर आले आणि इंचाइंचाने दगडावरून खाली सरकू लागले. त्याच्यामागे कड्याचा रंग बदलत गेला, राखाडीचा मधासारखा, मधाचा विटकरी. ती चालत यावी असे मला वाटत होते. ती उडताना दिसावी असेही वाटत होते.

"माथेरानात घोडं मिळतात की," एक शेजारीण म्हणाली. "घोड्यावर बसून यील पोर." सगळ्या हसल्या आणि पुन्हा वर बघू लागल्या.

धुराची साय हलली. आधी तिला सुरकुत्या पडल्या, मग तिच्यातून एकेक धागा सुटून सरळ वर जाऊ लागला. शेताचे खुंट दिसू लागले. आणि कड्याच्या कडेवरून एक ठिपका सुटला.

तो पडत होता. आवाज काहीच नव्हता. मग निळे कापड फुलले आणि त्याच्या मागून, उशिरा, ओली चादर झटकावी तसा फटका आमच्यापर्यंत आला. कड्याने तो पुन्हा एकदा म्हणून दाखवला. छत्री दगडापासून दूर आली, तरंगली, आणि मग हळूच वळली. कड्याकडे तोंड करून क्षणभर तशीच राहिली. ती काय करते आहे ते त्या सगळ्यांत मला एकटीलाच ठाऊक होते. पुन्हा वळून ती खाली येऊ लागली.

खुंटांवर चार पावले धावत ती उभी राहिली. पण तिच्यामागे छत्री सैल पडली आणि धुमसत्या राबाकडे झुकू लागली.

"धरा गं!" मालकीणबाई ओरडल्या.

वाळत घातलेले लुगडे वाऱ्याने सुटावे आणि सगळ्या आळीने धावावे, तशा बायका हात वर करून धावल्या. मीही धावले. कापड आमच्या तळव्यांवर उतरले, गार, कुजबुजते. एकच टोक राबाच्या कडेला टेकले. ते ओढून घेतले तेव्हा त्यात बोटाएवढे भोक पडले होते, काठ वितळून काळे झालेले.

मालकीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आले, ते नुसते धुराचे नव्हते. "आमच्यापाई झालं गं."

भाचीने भोकातून बोट घातले, पलीकडून हलवून दाखवले. "हे शिवता येतं, आजी. तुम्ही धरलं नसतं तर सगळंच गेलं असतं." मग तिने कापडावर चहूकडे उमटलेले राखेचे तळवे पाहिले आणि माझ्याकडे बघून हसली. माझेही दोन्ही हात त्यावर होते.

"काय दिसलं?" मला राहवेना.

ती हेल्मेट काढत कड्याकडे वळली. "आम्ही झोपलो ती कपार शोधत होते. रात्रभर केवढी मोठी वाटली होती. सापडलीच नाही."

मालकीणबाईंनी पदराने डोळे टिपले आणि मान मागे टाकली. "पिवळं गवत हाय, ती काय गं?"

"नाही, त्याच्या खाली असेल."

"खाली कुठं? त्या काळ्या रेघंपाशी?"

आम्ही सगळ्याजणी निळे कापड तसेच वर धरून उभ्या होतो, आणि ऊन भरत चाललेल्या दगडावर त्या कपारीची जागा शोधत होतो.